५७५ वॅटची ‘गुणवत्ता’ आणि पत्र्याखालची खोली

“तंत्रज्ञानाला जात नसते.” गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलं की आता त्याचा कंटाळा येत नाही, संशय येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचं व्याख्यान असो की करिअर मार्गदर्शनाचं शिबिर, वक्ता हमखास सांगतो : इंटरनेटवर सगळं फुकट आहे, ज्याच्यात गुणवत्ता आहे तो शिकेल आणि पुढे जाईल. आरक्षणाविरुद्ध बोलायचं आहे पण थेट बोलायचं नाही, अशा वेळी हेच वाक्य फार कामाला येतं.

या वाक्याचं उत्तर आज मी ग्राफिक्स कार्डाच्या वीजबिलातून देणार आहे. चळवळीतल्या काही ज्येष्ठांना हा विषय पोरखेळ वाटेल. पोट्ट्यांचे गेम, त्यांची खेळणी, त्यावर कशाला लेख? पण त्याच कार्डावर आज चित्रपटाचे इफेक्ट्स होतात, इमारतीचे आराखडे रंगतात, आणि संगणकाला भाषा शिकवण्याचं कामही त्याच कार्डावर चालतं. जयंतीच्या गाण्याचा व्हिडिओ एडिट करणारा आपला पोरगा आणि जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पानं संगणकाला वाचायला शिकवू पाहणारी आपली पोरगी, दोघांनाही ते लागतं. ज्याच्याकडे ते आहे तो रात्रभरात चार प्रयोग करतो. ज्याच्याकडे नाही तो आठवडाभर एकाच प्रयोगाची वाट पाहतो, आणि मग मुलाखतीत दोघांची ‘गुणवत्ता’ एकाच फूटपट्टीने मोजली जाते.

आधी आकडे पाहू. २०१७ साली एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय हे वरच्या फळीतलं कार्ड आलं, त्याची वीज होती २५० वॅट. २०२० चं आरटीएक्स ३०९० आलं ३५० वॅटचं. २०२२ चं ४०९० आलं ४५० वॅटचं. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेलं ५०९० हे ५७५ वॅटचं आहे आणि भारतातली त्याची सुरुवातीची किंमत २ लाख १४ हजार रुपये. आठ वर्षांत वीज दुपटीच्या वर गेली. किंमत सगळे पाहतात, तिच्यावर चर्चाही होते. वॅटवर मात्र आपल्याकडे कुणी बोलत नाही, कारण तो पैसा दुकानात द्यावा लागत नाही. तो दर महिन्याला घरात येतो.

हिशेब साधा आहे. कार्ड ५७५ वॅट, बाकीचा संगणक धरून भिंतीतून साधारण ८५० वॅट. दिवसाला आठ तास काम चाललं तर जवळपास सात युनिट, महिन्याला दोनशेच्या वर. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांचा एक दर, त्यापुढे ३०० पर्यंतचा दर जवळपास दुप्पट, त्याच्या पुढे आणखी चढा. ज्या घराचं बिल शंभराच्या आतबाहेर असतं त्या घरात हा संगणक सुरू झाला की वाढलेलं जवळपास प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडतं. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला सवलतीच्या दरासाठी वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा आहे. वर्षाला! एकटं ५०९० कार्ड पूर्ण भारावर सलग चालवलं तर ते ३६० युनिट २६ दिवसांत संपवतं. एका कुटुंबाचा दिवा, पंखा आणि मोबाइल मिळून वर्षभरासाठी शासनाने जेवढी वीज पुरेशी मानली, तेवढी एका कार्डाची महिनाभराचीही भूक भागवत नाही.

आणि ही वीज जाते कुठे? आकडेमोड करताना चिपमधली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ८५० वॅटचा संगणक म्हणजे खोलीत ८५० वॅटचा हीटर. हे वाक्य वर्ध्यात मे महिन्यात वाचावं, म्हणजे नीट कळतं.

मी हे सिंदी मेघेतून लिहितोय. (बाहेरच्या वाचकांसाठी : सिंदी रेल्वे नव्हे, ड्राय पोर्टची ती सिंदी सेलू तालुक्यात. ही वर्धा शहराला चिकटलेली, नावाला ग्रामपंचायत आणि दिसायला शहर.) इथे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बातमीही होत नाही. वस्तीतल्या कितीतरी खोल्यांवर स्लॅब नाही, पत्रा आहे. दुपारी तीनला अशा खोलीतली हवा बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त तापलेली असते. आता कार्डाचं गणित पाहा. पंख्यावर चालणारं कोणतंही कार्ड आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पूर्ण भारावर ते खोलीच्या तापमानाच्या वर साधारण ४५ ते ५० अंश चढतं. परीक्षण करणारे लोक ते २१ ते २५ अंशांच्या खोलीत तपासतात, म्हणून त्यांच्या तक्त्यात ७०-७२ अंश दिसतात आणि खाली ‘कूलिंग उत्तम’ असा शेरा येतो. तेच कार्ड पत्र्याखालच्या ४५ अंशांत ठेवा. ९० अंश ही त्याची स्वतःची मर्यादा आहे. तिथे पोचलं की ते आपला वेग आपणच कमी करतं, पंखे किंचाळायला लागतात, आणि दोन लाखांच्या वस्तूतून त्याहून स्वस्त कार्डाचं काम निघतं.

म्हणजे तोच माल, तीच किंमत, पण एसीच्या खोलीत पूर्ण वेग आणि पत्र्याखाली अर्धवट. आता सांगा, तंत्रज्ञानाला जात नसते? यंत्राला नसेल. पण यंत्र कुठल्या खोलीत राहील हे जातीने आधीच ठरवून ठेवलेलं आहे. गाव कुणाचं, गावकुस कुणाचं, स्लॅब कुणाच्या डोक्यावर, पत्रा कुणाच्या, हे गुणवत्तेने ठरलेलं नाही. ते ठरल्यानंतर मग २२ अंशांवर गुणवत्तेची परीक्षा घेतली जाते.

“मग कूलर लावा,” असं पुण्या-मुंबईचे मित्र सांगतात. विदर्भाला कूलर शिकवू नका, बाप्पा. मे महिन्यात हवा कोरडी असते तेव्हा कूलर खोली खरंच दहा-बारा अंशांनी उतरवतो. पण त्याची ओलसर हवा आणि ताट्यांची भुसकट सोबत येते, आणि ती धूळ कार्डाच्या पातळ पत्र्यांत लिंपल्यासारखी बसते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच ओल असते, तेव्हा कूलरचा उपयोग जवळपास संपतो आणि उकाडा तसाच राहतो. वीज गेली तर प्रश्नच मिटला. पाण्याच्या नळ्यांचं लिक्विड कूलिंग घेतलं तरी ते चिपची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं आणि रेडिएटर ती त्याच खोलीत सोडतो. एसी ती भिंतीबाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीकडे ढकलतो. गारवा तयार होत नसतो. उष्णता एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर टाकली जाते, एवढंच. हे भौतिकशास्त्र आपल्या समाजाला वेगळं शिकवायची गरज नाही.

एवढी वीज लागतेच का, हा खरा प्रश्न. एक काळ होता जेव्हा चिपमधले ट्रान्झिस्टर लहान होत तसा त्यांना लागणारा व्होल्टेजही उतरायचा, म्हणून वेग वाढला तरी उष्णता आटोक्यात राहायची. २००५-०६ च्या सुमारास ही सोय संपली. आता वेग वाढवायचा तर व्होल्टेज चढवावा लागतो, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. त्यामुळे शेवटच्या पाच-सात टक्के वेगासाठी पहिल्या नव्वद टक्क्यांच्या मानाने अफाट वीज जळते. ४०९० कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणली तरी बहुतेक कामांत वेग दहा टक्क्यांहून कमीच घटतो, हे अनेकांनी मोजून दाखवलेलं आहे. मग कंपनी ते कार्ड मुळातच ३२० वॅटवर का विकत नाही? कारण तक्त्यात प्रतिस्पर्ध्याच्या आणि स्वतःच्याच जुन्या कार्डाच्या वरची रेघ काढायची असते. रेघ कंपनीची, बिल आपलं.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त खटकते. भाषेची मॉडेल्स चालवायची असतील तर वेगाहून आधी कार्डावरची मेमरी लागते. वेग कमी असला तर काम उशिरा होतं. मेमरी कमी असली तर काम सुरूच होत नाही. आणि ग्राहकांच्या मालिकेत मेमरी वॅटला बांधून विकली जाते : ३२ जीबी हवी असेल तर ५७५ वॅटचं कार्ड घ्या. याला तांत्रिक सबब नाही. याच कंपनीचं आरटीएक्स ४००० एसएफएफ एडा हे कार्ड २०२३ मध्ये आलं, २० जीबी मेमरी आणि फक्त ७० वॅट! ७० वॅट म्हणजे छताच्या जुन्या पंख्याएवढी वीज. पण ते ‘व्यावसायिक’ मालिकेत, १२५० डॉलरला. कमी वीज खाणारं, लहान खोलीत, साध्या हवेवर चालणारं यंत्र बनवता येतं, बनवलंही आहे, आणि नेमकं तेच महाग ठेवलं आहे. ज्याला काटकसरीची गरज आहे त्याला काटकसर परवडू नये, अशी ही किंमत आहे.

याचा दुसरा पदर जुन्या बाजारात दिसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि खाणीत रात्रंदिवस राबलेली कार्डं सेकंडहँड बाजारात ओतली गेली. ३२० वॅटचं ३०८०, मेमरी १० जीबी, ‘अर्ध्या किमतीत’. आपल्या पोरांनी पैसे गोळा करून ती घेतली. आमच्या ओळखीतल्या दोघांना नागपूरच्या एका विक्रेत्याने असंच एक कार्ड ‘फक्त गेमिंगला वापरलेलं’ म्हणून दिलं. उघडून पाहिलं तर थर्मल पॅड तेल सुटून चिवट झालेले. विकत घेताना स्वस्त आणि वापरताना महाग, हा गरिबाच्या वाट्याला येणारा जुनाच सौदा आहे.

आणि यंत्र जळलं तर दोष कुणाचा? ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० कार्डांचे सोळा पिनांचे वीज कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कंपनीने नोव्हेंबरमध्ये सांगितलं की जगभरात साधारण ५० प्रकरणं आहेत आणि मुख्य कारण म्हणजे प्लग पूर्ण आत बसवलेला नव्हता. प्लग अर्धवट बसला की तो तापतो, हे खरंच आहे. पण बोटभर कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर न्यायचे, सहा तारांत प्रत्येकी आठच्या वर, आणि पिनची मर्यादा साडेनऊच्या आसपास, ही रचना कुणाची? चुकीला जागाच ठेवलेली नाही. पुढे कनेक्टर सुधारला, तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये ५०९० च्या वितळलेल्या कनेक्टरचे फोटो आलेच. डेर बाउअर या जर्मन तंत्रज्ञाने मोजलं तेव्हा त्याच्या कार्डाच्या एकाच तारेतून वीसच्या वर अँपिअर जात होते. भार सहाही तारांवर सारखा वाटला जातो की नाही हे पाहणारी व्यवस्थाच कार्डावर नव्हती. रचना अशी करायची की एकावरच भार पडेल, आणि तो जळाला की त्यालाच सांगायचं, तू नीट बसला नव्हतास. हे ऐकून कुणाला आपल्या विद्यापीठांची आठवण झाली तर माझा इलाज नाही.

इथवर वाचून एक गट खूश होईल. “बघा, आम्ही सांगतच होतो. एवढी यंत्रं हवीत कशाला? गरजा कमी करा.” सिंदी मेघेपासून सेवाग्राम दहा किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे हा उपदेश आम्हाला घरपोच मिळतो. त्याला उत्तर बाबासाहेबांनी १९४५ मध्येच देऊन ठेवलंय. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याचा पंचनामा करणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. यंत्राने अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, ती बदला, असा त्यांचा युक्तिवाद. आमच्या आज्यांनी जातं ओढलंय, सरपण वाहिलंय. साधेपणाचं कौतुक आम्हाला सांगू नये. आम्हाला कार्ड हवंय. आमच्या खोलीत चालेल असं हवंय.

दुसरा गट म्हणतो, खोली तापते तर क्लाउड वापरा, भाड्याने घ्या. वापरावं, जरूर वापरावं. पण क्लाउड काही आकाशात नाही. तो नवी मुंबई आणि पनवेलच्या इमारतींत आहे. तिथल्या नव्या यंत्रांची भूक घरच्या कार्डाहून मोठी. एच१०० या एका चिपला ७०० वॅट लागतात, आणि नव्या ब्लॅकवेल पिढीच्या ७२ चिपांचं एक कपाट सुमारे १२० किलोवॅट खातं, ज्याला हवा पुरतच नाही, द्रव फिरवावा लागतो. ही वीज कुठून येते? एकदा जाळ्यात गेलेली वीज कुठल्या कोळशाची हे सांगता येत नाही. पण तारा कुठून कुठे ओढल्या ते डोळ्यांना दिसतं. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ५०० केव्हीची, १५०० मेगावॅटची, साडेसातशे किलोमीटरची थेट वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. ती वाटेत विदर्भातल्या एकाही गावासाठी थांबत नाही. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं. कोराडी, खापरखेडा, तिरोडा, नांदगावपेठ, सगळी विदर्भात. कोळसा इथला, पाणी इथलं, राख इथे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख नवी मुंबईच्या कुठल्या इमारतीत शिरली नव्हती, कोराडीच्या आसपासच्या शेतात आणि नाल्यात शिरली. औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्साच वीज होतो, बाकीची उष्णता तिथल्याच हवेत आणि पाण्यात जाते. म्हणजे तिकडची चिप थंड राहावी म्हणून इकडे आधीच दोन हिस्से उष्णता सोडलेली असते.

यात कराची गंमत आणखी वेगळी. घरगुती ग्राहकाच्या बिलावर १६ टक्के वीज शुल्क असतं. बिल काढून पाहा, स्थिर आकार आणि वहन आकाराच्या खाली ती ओळ आहे. ते शुल्क पत्र्याखालचा ग्राहकही भरतो. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात मात्र डेटा सेंटरना वीज शुल्कातून माफी आहे. सवलत म्हटली की आपल्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी ही ओळ एकदा मोठ्याने वाचावी.

वीज हा विषय आपला नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा दहावा खंड उघडावा. १९४२ ते ४६ या काळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीजही त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे बोलताना वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. स्वस्त आणि पुरेशी वीज म्हणजे औद्योगिकीकरण, आणि औद्योगिकीकरण म्हणजे दारिद्र्यातून सुटका, असा त्यांचा धागा होता. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळातलं. पुढे १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे करण्याची मागणी घटनेतच लिहावी म्हटलं. आज गणनशक्ती हा तसा मूलभूत उद्योग झालाय. केंद्राने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींचं इंडिया एआय मिशन मंजूर केलं, त्यातून हजारो जीपीयू सवलतीच्या दराने देण्याची योजना आहे. पैसा सार्वजनिक आहे. मग ते तास कुणी वापरले ते जिल्हानिहाय आणि प्रवर्गनिहाय जाहीर करा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे तास त्यात किती, हे कळू द्या. आणि कार्ड विकणाऱ्यांना सांगा : या देशात माल विकायचा तर ४५ अंशांच्या खोलीत मिळणारा वेग खोक्यावर छापा. फ्रिजवर आणि एसीवर वीजबचतीचे तारे छापले जातातच ना?

तोवर हाताशी जे आहे त्याबद्दल. वरच्या फळीतल्या कार्डाच्या नादी लागू नका. शिकण्यासाठी १६ जीबी मेमरीचं ४०६० टीआय १६५ वॅटमध्ये आहे, ५०६० टीआय १८० वॅटमध्ये. बहुतेक अभ्यास त्यावर होतो. आठ जीबीची त्यांची भावंडं त्याच नावाने विकली जातात, खोक्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या. आधीच मोठं कार्ड घेतलं असेल तर पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. विंडोजवर आफ्टरबर्नरमध्ये एक पट्टी सरकवायची, लिनक्सवर एका ओळीची आज्ञा. जड काम रात्री दहानंतर लावा. कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट मारू नका.

आणि घराघरात हीटर पेटवण्यापेक्षा अभ्यासिकेत एक चांगला संगणक असावा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावे लागतात, आणि सिंदी मेघेसारख्या मोठ्या पंचायतीचं उत्पन्न लहान नाही. हा पैसा वर्षानुवर्षं सतरंज्या, खुर्च्या आणि भांड्यांवर जातो. येत्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या : १६ जीबी कार्डाचे दोन संगणक, खोलीला पत्र्याखाली आतून छत, आणि वर तीन किलोवॅटचं सोलर. दुपारी ऊन सर्वांत जास्त असतं तेव्हाच हे यंत्र सर्वांत जास्त तापतं, तर तेच ऊन त्याला कामाला लावू. जाताना अभ्यासिकेच्या मीटरची वर्गवारीही तपासून घ्या. वाचनालयं आणि सार्वजनिक वाचन कक्ष ‘सार्वजनिक सेवा’ वर्गवारीत येतात. तुमचं मीटर व्यापारी वर्गवारीत टाकलेलं असेल तर वर्गवारी बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी उपविभागात द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.